मूत्रवाहिनीतील स्टेंट : काढण्याच्या सुलभ पद्धती

मूतखड्याची शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी परततो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या शरीरात एक बारीक नळी ठेवलेली असते. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणाऱ्या या नळीस डीजे स्टेंट असे म्हणतात. नळीची दोन्ही टोके इंग्रजी 'जे' अक्षराप्रमाणे वळलेली असतात, त्यामुळे ती जागची हलत नाही. प्रौढांसाठी तिची लांबी साधारणतः २४ ते २८ सेंटीमीटर आणि जाडी जेमतेम दोन मिलिमीटर असते. अमेरिकी शल्यचिकित्सक फिनी यांनी १९७८ मध्ये या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीस सूज येऊन लघवी अडू नये, यासाठी केलेली ही सोय तात्पुरती असते. नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

सिंधुदुर्गात हा प्रश्न अधिक बिकट होतो. ओरोस येथे २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले असले, तरी मालवण, देवबाग, आचरा या किनारपट्टीतील अनेक रुग्ण मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियेसाठी गोव्यातील बांबोळी, कोल्हापूर, बेळगाव किंवा थेट मुंबई गाठतात. बांबोळीचे अंतरही मालवणहून शंभरावर किलोमीटर भरते. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात शस्त्रक्रिया उरकून घेतली, की स्टेंट काढण्याची तारीख नेमकी बंदी उठून होड्या दर्यावर जाण्याच्या वेळी येते, पाठोपाठ गणेशचतुर्थी. दरम्यान लघवीतील रक्त, वारंवार लागणारी लघवी, कमरेतील कळ ही लक्षणे थोडी कमी झालेली असतात. मग 'आता काय घाई आहे?' असे म्हणून फेरी टाळली जाते.

ही टाळाटाळ महागात पडू शकते. नळीवर क्षारांचे थर चढतात, कधी तिच्यावरच नवा खडा तयार होतो. अशी नळी ओढून निघत नाही. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. मूत्रपिंड फारशी वेदना न होता निकामी होण्याचाही धोका असतो. सर्वसाधारण स्टेंट तीन महिन्यांच्या आत काढावा वा बदलावा, असा प्रघात आहे. गर्भवतींमध्ये क्षार लवकर साचतात, म्हणून त्यांच्या बाबतीत ही मुदत आणखी कमी धरतात.

फेरी टाळण्यामागे अंतराइतकीच भीतीही असते, आणि ती अगदीच निराधार नाही. पूर्वापार पद्धतीत कठीण धातूची दुर्बीण मूत्रमार्गातून आत घालून चिमट्याने नळी ओढून काढतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटीमीटरचा, पुरुषांचा सुमारे वीस. त्यामुळे पुरुषांना त्रास अधिक. लवचिक दुर्बिणीने तो बराच कमी होतो. बधिर करणारी जेली सोडून काही मिनिटे थांबले, तर केवळ तेवढ्यावर काम भागते. चिमटा आतच बसवलेली, एकदाच वापरायची लवचिक दुर्बीणही आता मिळते. तिच्यासाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही, मात्र खर्च वाढतो.

याहून सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे दोरा. स्टेंटच्या खालच्या टोकास बांधलेला दोरा मूत्रमार्गातून बाहेर काढून त्वचेवर चिकटपट्टीने बसवतात. ठरलेल्या दिवशी तो हळूहळू, न थांबता ओढला की नळी निघते. काही देशांत निवडक रुग्ण घरीच ती काढतात. आपल्याकडे हा मार्ग उपेक्षित राहिला, हे आश्चर्यच. गावाजवळचा डॉक्टर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाच्या सल्ल्याने हे काम करू शकत असेल, तर रुग्णाची एक लांबची फेरी वाचते. लहान मुलांना तर केवळ नळी काढण्यासाठी पुन्हा पूर्ण भूल द्यावी लागते. दोऱ्यामुळे ती टळू शकते. अर्थात दोरा चुकून ओढला जाऊन नळी वेळेआधी निघण्याचा संभव असतो, म्हणून ही पद्धत बहुधा थोड्या दिवसांच्या स्टेंटसाठीच वापरतात.

दुसरी युक्ती लोहचुंबकाची. नळीच्या मूत्राशयातील टोकास लहानसा चुंबक जोडलेला असतो. टोकाला चुंबक असलेली दुसरी नळी आत सरकवली, की दोन्ही चुंबक चिकटतात आणि स्टेंट बाहेर येतो. दुर्बीण लागत नाही. मात्र असा स्टेंट शरीरात असताना एमआरआय तपासणीपूर्वी तो असल्याचे सांगणे अत्यावश्यक आहे. शरीरातच विरघळून जाणाऱ्या नळ्यांवरही संशोधन चालू आहे. त्या नेहमीच्या वापरात आलेल्या नाहीत. शिवाय दुर्बिणीने खडा गुंतागुंतीविना निघाला असेल, तर प्रत्येक वेळी स्टेंट ठेवण्याची गरज नसते. शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांना हे विचारून घ्यावे.

कोणतीही पद्धत असो, लघवीत जंतुसंसर्ग असल्यास प्रथम त्यावर उपचार करावे लागतात. नळी निघाल्यावर तिची दोन्ही वळलेली टोके दिसतात का, ती अखंड आहे का, हे पाहून घ्यावे. त्यानंतर काही तास मूत्रवाहिनी आकुंचन पावून कळ येऊ शकते. डॉक्टरांनी सांगितलेले वेदनाशामक औषध जवळ ठेवावे. थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर स्टेंट कोणत्या बाजूस आहे, त्याला दोरा आहे की नाही आणि तो कोणत्या तारखेपर्यंत काढायचा, हे मराठीत लिहून घ्यावे आणि तो कागद घरातील दुसऱ्या कोणालातरी दाखवून ठेवावा.