हुन्नर शिकावा कोणाकडे? बलुतेदारी, १८५०चा कायदा आणि लवाद्याचा बांबू

आजचा धागा एका साध्या प्रश्नाचा आहे. ज्याच्या घरात हुन्नर नाही, अशा गरीब मुलाने तो शिकावा कोणाकडे? वऱ्हाडात या प्रश्नाला निरनिराळ्या काळांत अगदी निरनिराळी उत्तरे मिळाली.

आरंभ बलुतेदारीपासून करावा लागतो. सुताराच्या मुलाला वाकस कसा धरायचा, हे कोणी मुद्दाम शिकवत नसे. लोहाराचा मुलगा भाता ओढता ओढताच लोखंडाचा रंग ओळखू लागे. करार नाही, फी नाही, प्रमाणपत्र नाही. पद्धत कमालीची परिणामकारक होती आणि तितकीच बंदिस्तही. जन्म दुसऱ्या घरात झाला, तर शिक्षण सुरूच होत नसे. स्वयंपूर्ण खेड्याचे गोडवे गाताना आपण हा बंद दरवाजा सहसा विसरतो. मेळघाटातील कोरकू तर या व्यवस्थेच्या परिघाबाहेरच होते.

१८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे सोपवला. पुढे १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरला वऱ्हाडी कापसाची निकड भासली आणि त्याच दशकात रेल्वेही इथे पोहोचली. कापूस गाठींतून बाहेर जाऊ लागला, गिरणीचे कापड आत येऊ लागले. बाळापूरची पागोटी एके काळी नावाजलेली होती, पण मागाला गिऱ्हाईक उरले नाही तर बापाने मुलाला शिकवायचे तरी काय? विणकराचा मुलगा शेतमजूर झाला, की घरातली शाळा एका पिढीत बंद पडते.

दरम्यान सरकारी उत्तर तयार झाले होते. १८५०चा एकोणिसावा कायदा हा उमेदवारीचा, म्हणजे मुलांना करार करून कारागिराकडे शिकायला ठेवण्याचा कायदा होता. अनाथ आणि सार्वजनिक धर्मादायावर वाढणारी गरीब मुले ही त्याच्या नजरेसमोर प्रामुख्याने होती. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षांसाठी बांधून देता येई. आईबाप नसतील तर मॅजिस्ट्रेट पालकाच्या भूमिकेत सही करी. ‘बांधून देणे’ हा शब्दप्रयोग माझा नाही, कायद्याची भाषाच ती आहे. उमेदवाराने कामात कसूर केली, तर मालक मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करू शके. मालकाने छळ केला, तर मुलाच्या बाजूनेही दाद मागता येई. पण दहा वर्षांच्या अनाथाने कचेरीची पायरी कशी चढावी? इंग्लंडमधील गरीब-कायद्याच्या परंपरेची ही सावली होती. भटकणारे मूल म्हणजे संभाव्य गुन्हेगार, आणि हुन्नर म्हणजे त्याला वेसण. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या कागदावर मुलाची जात विचारलेली नव्हती. कारागीर आणि शिष्य एकाच घरातले असावेत ही अट इथे, निदान तत्त्वतः, प्रथमच गळून पडली.

वऱ्हाडातून आलेले उत्तर जवळजवळ शंभर वर्षांनंतरचे आहे. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभारले. आपण त्याला कुष्ठरोग्यांची वसाहत म्हणून ओळखतो. मला ते हुन्नराच्या इतिहासातले प्रकरण वाटते. भीक नाही, काम, हा तिथला दंडक होता आणि त्यासाठी विणकाम, सुतारकाम, शेती शिकवली जाई. कुष्ठरोगात बोटांची संवेदना जाते, चटका बसला तरी कळत नाही. अशा हाताला हत्यार धरायला शिकवणे, ही शिक्षकाचीच परीक्षा होय. शिवाय ज्यांना समाजाने एकजात बाहेर टाकले होते, त्यांच्यात माग कोणत्या जातीचा आणि रंधा कोणाचा, हा प्रश्न करायला उरले होते कोण?

मात्र गरिबाला हुन्नर द्या म्हटले की एक रास्त शंका उभी राहते, आणि ती तमिळ भूमीत सर्वांत मोठ्याने विचारली गेली. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी केली. उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना होती. पेरियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले. चांभाराच्या मुलाने चांभारच राहावे हेच सरकार सांगत आहे, असा त्यांचा आरोप होता. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांनी योजना गुंडाळली. हुन्नर मुलाने निवडला की त्याच्यावर लादला गेला, ही कसोटी या वादाने दिली. पुढे १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने १८५०चा जुना कायदा रद्द केला. पण नव्या कायद्याचे लक्ष कारखान्यातील ठरावीक व्यवसायांवर होते. धारणीच्या जंगलात कारखाना कुठला?

तिथेच १९९०च्या दशकात सुनील आणि निरुपमा देशपांडे हे दाम्पत्य आले. सुनील यांनी त्यापूर्वी चित्रकूटला नानाजी देशमुखांबरोबर काम केले होते. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. हंगाम संपला की कोरकू कुटुंबे मजुरीसाठी डोंगर उतरत. लवादा या गावी संपूर्ण बांबू केंद्र उभे राहिले. तरुण-तरुणी तिथे कारागिरांच्या हाताखाली बांबू निवडणे, कामट्या काढणे, कीड लागू नये म्हणून त्यावर प्रक्रिया करणे शिकू लागली. सूप-टोपलीपासून फर्निचर आणि बांबूच्या राख्यांपर्यंत हा पसारा वाढला. बांबूकाम हा परंपरेने बुरुडांचा धंदा. कोरकू तरुण तो शिकला तेव्हा तो कुळाचा धंदा उचलत नव्हता, नवा स्वीकारत होता. राजाजींच्या योजनेला जो आक्षेप लागू पडतो, तो इथे लागू पडत नाही.

अडचण दुसरीच होती, आणि ती कारागिरीची नव्हे, मालाची होती. १९२७च्या वन कायद्यात ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येतच बांबू घातलेला होता, वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणत असले तरी. त्यामुळे तोडणे आणि वाहून नेणे, दोन्ही वनखात्याच्या परवान्यावर अवलंबून. नोंदणीकृत बुरुडांना सवलतीचा बांबू मिळे. म्हणजे शिकण्याचे दार उघडले, तरी कच्च्या मालाच्या दारावर जुनीच पाटी होती. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आणि त्यावर ग्रामस्थांचा हक्क मानला. २०१७च्या दुरुस्तीने तो ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. पण या दुरुस्तीचा खरा लाभ बांधावर, खासगी जमिनीत बांबू लावणाऱ्यांना झाला. मेळघाटचा बांबू बहुतांशी जंगलात आहे आणि १९७४पासून तिथे व्याघ्रप्रकल्प आहे. सुनील देशपांडे २०२१ मध्ये निवर्तले. लवाद्याच्या तरुणाला बांबू मिळतो तो आजही शेतातून, आगारातून, किंवा ग्रामसभेने मिळवलेल्या सामूहिक हक्काच्या बळावर.