पिन निघण्याआधीचे सहा तास

जुनी जीप टोचन करून नेताना काय बिघडतं, याचा हा घटनाक्रम आहे. तो कुठल्याही एका नोंदलेल्या अपघाताचा नाही. अशा प्रवासात ठिकठिकाणी होणाऱ्या चुका एका काल्पनिक दिवसात, एकाच रस्त्यावर ओळीने मांडल्या आहेत. रस्ता मात्र खरा आहे: पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणी घाट. जीपची यंत्ररचनाही खरी आहे, आणि सगळा धोका त्या रचनेतच दडलेला आहे.

सकाळी ७:०० – उरले सहा तास

पाचगणीतल्या एका बंगल्याच्या शेडमध्ये महिंद्रची सीजे-३बी उभी आहे. उंच बॉनेट, सपाट मडगार्ड, पुढे-मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. विलिज कंपनीच्या परवान्यावर महिंद्रने मुंबईत जीप जोडायला घेतल्या त्या १९४० च्या दशकाच्या अखेरीस. त्यानंतरची कित्येक वर्षं शेतावर, जंगलखात्यात, बांधकामांवर हीच गाडी धावली. आता तिच्यासाठी पुण्याचा एक माणूस आला आहे, तिचा नवा मालक. सोबत बोलेरो आणि तिचा चालक, एक मिस्त्री आणि मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा.

जीप न्यायची कशी, हा पहिला निर्णय. वाईहून फ्लॅटबेड ट्रक मागवता येतो. त्यावर चारही चाकं जमिनीपासून वर राहतात. जीपचे ब्रेक, गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर यांतलं काहीही वाटेत कामाला लागत नाही. सुमारे टनभर वजनाची आखूड गाडी त्यावर आरामात मावते. पण भाडं द्यावं लागतं आणि दुपारपर्यंत थांबावं लागतं. मालक म्हणतो, "बोलेरो आहे ना, ओढून नेऊ."

या दिवसातली सगळ्यात स्वस्त सुरक्षितता इथेच नाकारली गेली.

सकाळी ८:०० – उरले पाच तास

मिस्त्री ब्रेकचं पेडल दाबतो. पेडल थेट जमिनीला टेकतं. मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूने ऑइल ओघळलेलं आहे. व्हील सिलिंडर गेला आहे.

या जीपला एकच मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांना मिळून एकच लाइन असते. नव्या गाड्यांमध्ये दोन स्वतंत्र लाइन असतात, त्यामुळे एक फुटली तरी दुसरी थोडंफार धरते. इथे एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दुरुस्तीला रबरी किट, नवं ऑइल आणि दोन-तीन तास पुरतात. मिस्त्री तसं सांगतोही. उत्तर येतं, "चालवायची कुठे आहे? ओढायचीच आहे."

ओढल्या जाणाऱ्या गाडीला ब्रेक लागत नाही, हा समज रस्त्यावर सर्रास आढळतो. सपाट रस्त्यावर तो एखाद वेळी निभावून जातो. घाटात निभावत नाही. पायाचा ब्रेक गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याची जागा कोण घेणार, हे कुणी विचारलं नाही.

सकाळी ९:०० – उरले चार तास

आता ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी टोचन करताना खरी कसोटी इथे लागते.

जीपच्या मुख्य गिअर लिव्हरशेजारी दोन छोटे लिव्हर असतात. एकाने पुढच्या चाकांना ताकद जोडायची किंवा तोडायची. दुसऱ्याने हाय, लो आणि त्या दोघांमधला न्यूट्रल निवडायचा. फक्त मुख्य गिअर न्यूट्रलला ठेवून जीप ओढली, तर चाकं त्यांना ताकद पुरवणारे परपेलर शाफ्ट फिरवतात, शाफ्ट ट्रान्सफर केस फिरवतो आणि तिथून गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्टही फिरू लागतो. इंजिन बंद असल्यामुळे खालचा काउंटर शाफ्ट मात्र थांबलेलाच राहतो. ऑइल उडवून वरच्या भागांना भिजवायचं काम त्याचंच. परिणामी वरची बेअरिंग कोरडी फिरतात आणि जळतात. म्हणून ट्रान्सफर केस न्यूट्रलला हवा. मग गिअरबॉक्स स्थिर राहतो आणि ट्रान्सफर केसमधले जे गिअर फिरतात ते ऑइलमध्ये बुडलेले असतात. अर्थात, ऑइल असेल तर.

मिस्त्री ट्रान्सफर केसचा प्लग उघडतो. आत ऑइल जवळजवळ नाही. तो म्हणतो, "साहेब, दोन्ही परपेलर काढून टाकू. गिअरबॉक्सला धक्काच नको."

गिअरबॉक्सच्या दृष्टीने सल्ला चोख आहे. जॉइंट क्रॉसचे बोल्ट निघतात आणि दोन्ही शाफ्ट बोलेरोत जातात.

या क्षणी जीपचा हँडब्रेकही गेला. हे चौघांपैकी कुणाच्याही लक्षात आलेलं नाही.

आजच्या बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. या जीपचा तसा नसतो. तिचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी, एका छोट्या ड्रमवर बसवलेला असतो. तो ड्रम पकडतो, ड्रमला जोडलेला परपेलर शाफ्ट थांबतो आणि त्या शाफ्टमुळे मागची चाकं थांबतात. मधला शाफ्टच काढला, तर ब्रेक आणि चाकं यांचा संबंध उरत नाही. गिअरमध्ये टाकून गाडी उभी करण्याचा मार्गही त्याच वेळी बंद होतो, कारण गिअरची पकडही याच शाफ्टांमधून चाकांपर्यंत जाते.

दुसरी वाट उपलब्ध होती. ट्रान्सफर केसमध्ये ऑइल भरायचं, लिव्हर न्यूट्रलला ठेवायचा आणि मागचा शाफ्ट जागेवरच राहू द्यायचा. न्यूट्रलमध्येही तो ड्रम शाफ्टला जोडलेला राहतो, म्हणजे हँडब्रेक शाबूत राहतो. आणि शाफ्ट काढायचेच होते, तर हँडब्रेकच्या हँडलला ठळक अक्षरांची चिठ्ठी बांधायला हवी होती: ब्रेक नाही.

सकाळी १०:०० – उरले तीन तास

टोचनसाठी लोखंडी त्रिकोणी दांडा आणला आहे. त्याची दोन टोकं जीपच्या पुढच्या बंपरला बोल्टने बसवली जातात आणि तिसरं टोक बोलेरोच्या हुकाला पिनने.

दांडा बसवण्याआधी बंपर चॅसीला कसा धरला आहे, ते पाहायला हवं. तिथले बोल्ट गंजलेले असतील तर सगळी जीप त्या गंजावर लटकते. शिवाय दांड्याखालून दोन साखळ्या फुलीच्या आकारात बांधायच्या असतात. दांडा निसटला तर त्याचं टोक रस्त्यात न रुतता साखळ्यांवर पडतं आणि जीप बोलेरोच्या मागेच राहते. साखळ्या आणलेल्याच नाहीत.

आपल्याकडच्या १९८९ च्या रस्ते वापराच्या नियमावलीने टोचनसाठी स्पष्ट मर्यादा घालून दिल्या होत्या. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस असावा, किंवा तिची वळणारी चाकं क्रेनने जमिनीपासून वर उचललेली असावीत. दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नसावं. मागे पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ लिहिलेलं असावं, अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंचीची. वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर जाऊ नये. यातली प्रत्येक अट मागून येणाऱ्याला सावध करते किंवा ओढणाऱ्याला आवरते.

जीपमध्ये कुणी बसत नाही. दांडा असला की स्टेअरिंग आपोआप फिरतं, हे कारण. मागे पाटी नाही.

सकाळी ११:०० – उरले दोन तास

आवराआवर होऊन जोडगाडी निघते तेव्हा बारा वाजत आलेले असतात. पहिल्या किलोमीटरनंतर थांबून चारही हबना हात लावायचा असतो. एखादा हब तापला असेल, तर तिथला ब्रेक चिकटला आहे किंवा बेअरिंग जात आहे. नट, पिन, दांड्याचे बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. वर्षानुवर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या टायरना भेगा पडल्यात का, तेही पाहायचं असतं.

कुणी थांबत नाही. गावाबाहेर वेग चाळीसवर जातो. पुढची चाकं ज्यांवर वळतात ते किंगपिन झिजलेले आहेत, त्यामुळे जीपची पुढची चाकं थरथरू लागतात. तो थरकाप दांड्यातून पिनपर्यंत येतो आणि प्रत्येक हिसक्याला पिन थोडी वाकते.

दुपारी १२:०० – उरला एक तास

घाट सुरू होतो. पाचगणी ते वाई हे अंतर बारा-तेरा किलोमीटरचं, आणि उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा. टनभर वजनाची जीप तेवढी खाली आणायची, म्हणजे सोळा लिटर थंड पाणी उकळीला आणायला लागते तेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवायची. थोडी टायर आणि हवेत जिरते. बाकी सगळी बोलेरोचं इंजिन आणि बोलेरोचे ब्रेक यांनाच पेलावी लागते, तीही बोलेरोच्या स्वतःच्या दीड टनाहून अधिक वजनाव्यतिरिक्त.

घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. मागे ओझं असेल तर त्याहूनही एक गिअर खाली. इथे बोलेरो तिसऱ्यात आहे आणि पाय ब्रेकवरून उठत नाही. वळणावर जीप मागून ढकलते. दांड्यावर आता ओढ नाही, दाब आहे.

दुपारी १२:४० – उरली वीस मिनिटं

ब्रेक लायनिंगचा करपट वास येऊ लागतो. पाठोपाठ दांड्याचा खणखणाट. चालक थांबायचं ठरवतो. हा निर्णय बरोबर आहे, जागा मात्र चुकीची. पुढे सपाट पट्टा मिळेपर्यंत पहिल्या गिअरमध्ये सावकाश जाता आलं असतं. बोलेरो उतारावरच, कठड्याच्या कडेला उभी राहते.

दुपारी १२:५० – उरली दहा मिनिटं

पिन वाकलेली दिसते. ती बदलून दुसरी घालायचं ठरतं. मालक जीपमध्ये चढतो, डॅशबोर्डाखालचं हँडब्रेकचं हँडल ओढतो आणि जीप पहिल्या गिअरमध्ये टाकतो. हँडल ताठ लागतं. का लागणार नाही? ब्रेक खरोखरच उत्तम पकडतो आहे. ड्रम जखडला गेला आहे. फक्त त्या ड्रमला आता काहीच जोडलेलं नाही.

रस्त्याच्या कडेला दगड पडलेले आहेत. एकही चाकाखाली जात नाही, कारण हँडब्रेक लावला आहे आणि गाडी गिअरमध्ये आहे.

दुपारी १२:५६ – उरली चार मिनिटं

पिन निघत नाही. निघणार कशी, सगळी जीप उतारावरून तिच्यावर रेलली आहे. या क्षणी जीपचा ब्रेक म्हणजे ती पिनच. घट्ट अडकलेली पिन सांगते आहे की मागची गाडी मोकळी आहे. हा शेवटचा इशारा. चालक बोलेरो एक-दोन बोटं पुढे घेतो, दाब क्षणभर सैल होतो. पोरगा हातोडीचे घाव घालतो आणि पिन बाहेर येते. बोलेरो लगेच थांबते, म्हणून दांड्याचं टोक हुकावर नुसतं टेकून राहतं.

दुपारी १२:५९ – उरलं एक मिनिट

काम करायला जागा हवी म्हणून बोलेरो चार मीटर पुढे जाते. दांडा खाली पडतो. पोरगा बोलेरोच्या मागच्या दाराशी, जीपकडे पाठ करून, नवी पिन शोधतो आहे.

पंधरा मीटरला एक मीटर असा उतार धरला, तर टनभराच्या जीपला खाली ओढणारा जोर सुमारे ६५ किलोचा होतो. टायरचा विरोध वजा केला तरी जवळपास ५० किलो उरतात. उभ्या जागेवरून चार मीटर अंतर कापायला तिला चारेक सेकंद लागतात. पोहोचते तेव्हा वेग ताशी सात किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतका. इंजिनाचा आवाज नाही, हॉर्न नाही.

दुपारी १:०० वाजता

जीपच्या बंपरमध्ये आणि बोलेरोच्या मागच्या पत्र्यात पोरगा सापडतो. चालत्या माणसाचा वेग हाताने थोपवता येईल असं वाटतं, पण मागे टनभर लोखंड असतं आणि आदळल्यानंतरही उतार ते ढकलतच राहतो. कंबर आणि मांड्यांची हाडं अशाच अपघातात चिरडतात.

या पोराने कुठलाच निर्णय घेतला नव्हता. फ्लॅटबेड नाकारताना, ब्रेक सोडून देताना, शाफ्ट काढताना, साखळ्या विसरताना त्याला कुणी विचारलं नव्हतं. टोचनच्या कामात दोन गाड्यांच्या मधे उभा राहतो तो बहुतेक वेळा सगळ्यात लहान, सगळ्यात कमी पगाराचा माणूस असतो. म्हणूनच ही जबाबदारी मालकाची आणि मिस्त्रीची.

जुन्या जीप वाचवायलाच हव्यात. शेडमधून बाहेर काढून त्या पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांचं कौतुकच आहे. पण त्यांना एवढं सांगणं आहे. शक्य असेल तर फ्लॅटबेडच मागवा. ओढूनच न्यायची असेल तर आधी पायाचा ब्रेक दुरुस्त करा, आत परवानाधारक माणूस बसवा, साखळ्या बांधा, मागे पाटी लावा आणि घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. परपेलर शाफ्ट काढला असेल, तर हँडब्रेकही काढला आहे असं समजा. थांबायचं ते सपाटीवर. दोन्ही गाड्यांच्या मधे कुणी उभं राहण्याआधी जीपच्या दोन्ही बाजूंच्या चाकांखाली, उताराच्या दिशेने, मोठे दगड किंवा लाकडी पाचरी ठोका, आणि त्यानंतरच पिनेला हात लावा.