विद्युत् व इलेक्ट्रॉनीय अपशिष्ट : उत्पादकांचे दायित्व

टाकाऊ उपकरणांच्या पुनश्चक्रणाचा खर्च उत्पादकाने सोसावा, हे तत्त्व भारतात अलीकडचे आहे. पूर्वीच्या व्यवहारात त्याची गरजच नव्हती. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यासारख्या गावी जुने भांडे टाकाऊ ठरत नसे. कासार ते तोलून मोडीत घेई, त्याची किंमत नव्या भांड्यातून वळती करी व धातू पुन्हा मुशीत जाई. खर्च धातूच भागवीत असे. विद्युत् उपकरणांतील तांब्या-सोन्याला गिऱ्हाईक मिळते. शिसेयुक्त काच, पारा, प्रशीतक वायू यांच्या विल्हेवाटीला मात्र पदरचा पैसा लागतो. भंगारवाला साहजिकच तांबे काढून उरलेले जाळतो किंवा फेकतो.

हे तत्त्व स्वीडनमधील टॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडले. भारतातील २०११ च्या नियमांनी (अंमल १ मे २०१२) ते स्वीकारले. पण त्यांत संकलनाचे लक्ष्यच नसल्याने परिणाम अल्प झाला. लक्ष्ये २०१६ च्या नियमांत आली. २०२२ च्या नियमांनुसार (अंमल १ एप्रिल २०२३) उत्पादक नोंदणीकृत पुनश्चक्रकांकडून प्रमाणपत्रे विकत घेतो; २०२३-२४ चे लक्ष्य ६० टक्के होते. प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम यांच्या प्राप्तीवर मिळतात, म्हणजे ज्यांना मुळातच मोल आहे त्यांवर. हा दोष लहान नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२४ मध्ये ग्राहकोपयोगी उपकरणांसाठी किलोग्रॅमला किमान २२ रुपये दर ठरविला. तो अवाजवी असल्याचे सांगून काही उत्पादक दिल्ली उच्च न्यायालयात गेले.