समुद्रात टाकलेला गाळ जातो कुठे?

बंदरातील गाळ उपसणे हे अर्धेच काम असते. उपसलेला गाळ टाकण्याची जागा चुकली, तर भरतीबरोबर तोच गाळ परत येतो आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो. कोलकाता बंदराच्या इतिहासात ही चिंता आरंभापासून आहे.

हे बंदर समुद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, हुगळीच्या काठी आहे. १६९४ मध्ये 'जेम्स अँड मेरी' हे जहाज या नदीतील ज्या उथळ पट्ट्यावर बुडाले, त्या पट्ट्याला त्याचेच नाव पडले. हुगळी गाळाने भरून जाईल या धास्तीने १८६० च्या दशकात मातला नदीवर पोर्ट कॅनिंग उभारण्यात आले. १८६७ च्या वादळात त्याची मोठी हानी झाली आणि पुढे ते ओस पडले. १९७५ मध्ये फरक्का बंधाऱ्यातून गंगेचे पाणी हुगळीकडे वळवण्यात आले आणि १९७७ मध्ये समुद्राच्या अधिक जवळ हल्दियाची गोदी सुरू झाली. तरीही ड्रेजरांना विसावा मिळाला नाही.

याचे कारण नदीमुखाच्या स्वभावात आहे. हुगळीत भरती अल्पकाळ पण जोराने चढते, ओहोटी मात्र संथपणे दीर्घकाळ चालते. त्यामुळे पावसाळ्याबाहेर, नदीचा प्रवाह क्षीण असताना, गाळ समुद्राकडे जाण्याऐवजी वर ढकलला जातो.

याचा निर्णायक पुरावा प्रथम लंडनच्या थेम्स नदीत मिळाला. तेथील संशोधनाचे नेतृत्व क्लॉड इंग्लिस यांच्याकडे होते. त्यांची कारकीर्द मुंबई इलाख्यात घडली होती आणि पुण्याजवळील खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राचे ते संचालक होते. १९५० च्या दशकाच्या मध्यास थेम्सच्या तळाशी किरणोत्सारी स्कँडियम-४६ असलेल्या काचेची बारीक पूड सोडण्यात आली. ती समुद्राकडे न जाता नदीत वर सरकल्याचे दिसले. उपसलेला गाळ पाण्यात टाकण्यापेक्षा जमिनीवर नेणे हिताचे, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हीच पद्धत कोलकात्यासह भारतातील अनेक बंदरांसाठी वापरली. स्थानिक गाळाच्या कणांइतकी बारीक दळलेली स्कँडियमयुक्त काच अणुभट्टीत किरणोत्सारी केली जाते आणि नियोजित जागी तळाशी सोडली जाते. मग नावेतून जलरोधक गणक तळावरून ओढत गॅमा किरणांची नोंद घेतात. वारंवार केलेल्या या नोंदींचे नकाशे एकापुढे एक मांडले, की गाळ कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो हे उमगते. स्कँडियम-४६ चा अर्धायुष्यकाल सुमारे ८४ दिवसांचा असल्याने काही महिने माग काढता येतो आणि त्यानंतर किरणोत्सार ओसरत जातो.

योग्य जागा म्हणजे केवळ खोल वा जवळची जागा नव्हे. तेथून निघालेला गाळ जहाजांच्या मार्गात परतता कामा नये. तळावरील जीवसृष्टी आणि मासेमारी यांनाही त्याची झळ लागता कामा नये. पावसाळ्यात निर्धोक ठरलेली जागा उन्हाळ्यात तशीच राहील याचीही शाश्वती नसते, म्हणून मोजणी दोन्ही ऋतूंत हवी. लांब नेऊन टाकण्याचा खर्च हिशेबाच्या वहीत लगेच दिसतो. जवळ टाकलेला गाळ परत येतो तेव्हा मात्र त्याचा खर्च नव्या उपशाच्या नावाखाली मांडला जातो, आणि जुनी चूक नजरेआड राहते.