वऱ्हाडातला अर्धा र

वरूडला बसस्टँडजवळ माझ्या काकांचं डीटीपी सेंटर होतं. लग्नपत्रिका, संत्र्याच्या अडतीची बिलबुकं, आणि 2004 साली गावातल्या एका वाचनालयाची स्मरणिका. त्या स्मरणिकेत माझ्या आजोबांचा संत्र्याच्या डिंक्या रोगावर एक लेख आहे. घरातली छापील प्रत वाळवीनं खाल्ली, सीडी तेवढी शाबूत राहिली. गेल्या दिवाळीत ती उघडली तर पानभर टोपीवाले रोमन स्वर, डॉलरची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं. काका वाकून बघत म्हणाले, "काहून रे, अक्षरायले कीड लागली काय?"

कीड नव्हती, फॉन्ट नव्हता. तेव्हाच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कॉम्प्युटर समजायचा, आपण इंग्रजी साठवतोय. पडद्यावर मात्र मराठी दिसायचं. फॉन्ट हरवला की उरते ती सांकेतिक लिपी. आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले, म्हणजे एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं. ती लिपी राजवाड्यांनी उलगडली. महानुभावांनी हे मुद्दाम केलं होतं. आपण नकळत केलं, आणि किल्लीही सांभाळली नाही.

मला चार रात्री लागल्या. कोणतं चिन्ह म्हणजे कोणता तुकडा, याचा तक्ता बनवला. त्या रात्रींमध्ये मी टेक्‌चा इतिहास वाचत होतो, कारण काकांनी वाटच वेगळी धरली असती तर काय झालं असतं, हे मला बघायचं होतं.

1977 मध्ये डोनाल्ड क्नूथ यांना आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं इतकी वाईट वाटली, की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला. तो टेक्. त्याचा जीव मॅक्रोमध्ये आहे. तुम्ही फक्त 'हा मथळा' असं लिहायचं. तो जाड टाइपात की मधोमध, हे मॅक्रो ठरवतो. 1991 च्या सुमारास नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी टेक्‌साठी देवनागरी आणली. त्यात मजकूर रोमन अक्षरांत, उच्चारानुसार टाइप करायचा. एक छोटा प्रोग्राम आकार निवडायचा. अविनाश चोपडे यांचं आयट्रान्सही याच वळणाचं, आणि त्यात एकाच फाइलमधून छपाईचं पानही निघे, वेबपानही. गंमत बघा, रोमनमध्ये टाइप केलेलं ते मराठी आज थोड्याशा कोडनं युनिकोडमध्ये येतं. त्यांनी उच्चार साठवला, आपण आकार साठवले.

पण टेक्‌मधून वेबपान काढणं सोपं नव्हतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एतान गुरारी यांनी टेक-फोर-एचटी लिहिलं. त्याचे मॅक्रो तयार पानात अदृश्य खुणा पेरतात, आणि दुसरा प्रोग्राम ते पान वाचून एचटीएमएल लिहितो. 2009 मध्ये गुरारी गेले, तेव्हा इतरांनी ते काम पुढं नेलं. अडचण अशी, की तयार पान म्हणजे चित्र. 'किती'मधली वेलांटी तिथं क च्या आधी उभी असते. 'संत्री'तला त्र हा एकच आकार असतो. 'मार्केट'चा रफार क च्या डोक्यावर जाऊन बसलेला असतो. चित्राकडून परत शब्दाकडं यायचं तर प्रत्येक फॉन्टसाठी तक्ता हवा, वर क्रमही बदलायला हवा. म्हणजे माझ्याच चार रात्री.

मी दुसरा मार्ग घेतला. जोनाथन क्यू यांचं झीटेक थेट युनिकोड वाचतं (तेही 2004 चंच, स्मरणिकेचं वर्ष, काकांना हे सांगितलं नाही). टेक्‌ला पान जुळवता जुळवता शेजारच्या फाइलमध्ये लिहिताही येतं. म्हणून माझा मथळ्याचा मॅक्रो दोन कामं करतो: पीडीएफमध्ये जाड टाइप लावतो, आणि तेच शब्द एचटीएमएलच्या खुणांमध्ये गुंडाळून शेजारी टाकतो. शब्दाचं चित्र व्हायच्या आधीच तो पकडला जातो. वेलांटी आपल्या जागी राहते.

आजोबांच्या लेखाचं वेबपान काकांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. उत्तर आलं: "वऱ्हाड चुकलं."

माझ्या तक्त्यानं सगळीकडं 'वर्हाड' केलं होतं. युनिकोडमध्ये साधा र, हलन्त आणि ह जोडले की रफार होतो. आपला आडवा अर्धा र हवा तर खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. काही जण साध्या र नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालून तोच आकार काढतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण एक शोधलं तर दुसरं बहुतेक ठिकाणी सापडत नाही. मी टिंबाचा ऱ निवडला, तक्त्यातली ती ओळ बदलली आणि मॅक्रो पुन्हा चालवले. मग फोनवर 'वऱ्हाड' शोधून पाहिलं. आजोबांच्या लेखात तो शब्द सहा वेळा होता.