गोळीपासून इक्सीपर्यंत : एका शिडीचा मागोवा

वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या बहुतेक दवाखान्यांत जोडप्यापुढे एक शिडी मांडली जाते. सगळ्यांत खाली गोळ्या आणि सोनोग्राफीवर फॉलिकल, म्हणजे बीज पिकणारी पिशवी, मोजणं. त्यावर इंजेक्शनं. मग आययूआय, म्हणजे वीर्य धुऊन त्यातले चपळ शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं. त्यानंतर आयव्हीएफ, म्हणजे बीज आणि शुक्राणूंची गाठ शरीराबाहेर प्रयोगशाळेत घालणं, आणि शेवटी इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू थेट बीजात सोडणं. ‘आधी तीन-चार आययूआय करू, नाहीच राहिलं तर टेस्ट ट्यूब,’ हे वाक्य पुण्या-मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या गावीही ऐकू येतं. शिडी म्हटली की दोन समज आपोआप रुजतात : खालची पायरी चढल्याशिवाय वरची गाठायची नसते, आणि वरची पायरी खालचीपेक्षा सरसच असते. या पायऱ्या कुठून आल्या ते पाहिलं, तर दोन्ही समज टिकत नाहीत.

सर्वांत जुनी पायरी मधली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या एका कापड व्यापाऱ्याला मूत्रमार्गाचा जन्मजात दोष होता. छिद्र शिश्नाच्या टोकाशी नसून खालच्या बाजूला होतं आणि वीर्य योनीत पोचत नव्हतं. शल्यवैद्य जॉन हंटर यांनी त्याला कोमट केलेल्या पिचकारीनं ते आत सोडायला सांगितलं. बायकोला दिवस राहिले. हंटर यांच्या मृत्यूनंतर, 1799 साली, एव्हरार्ड होम यांनी ही हकिकत छापली. म्हणजे नोंद झालेल्या या पहिल्या कृत्रिम रेतनात दोष नवऱ्यात होता. मूल होत नाही म्हणून सुनेलाच नवस-उपास करायला लावणाऱ्या आणि ‘वांझ’ हा शब्द फक्त बाईसाठी राखून ठेवणाऱ्या समाजाला हे ठाऊक असायला हरकत नाही.

हंटर यांना जे साधलं ते पुढच्या अनेकांना साधलं नाही. अमेरिकेत जे. मेरियन सिम्स यांनी 55 वेळा प्रयत्न केले. गर्भ राहिला एकदाच, आणि तोही पडला. सिम्स यांनी 1866 च्या पुस्तकात ते प्रामाणिकपणे नोंदवलं. पिचकारी बरोबर होती, वेळ माहीत नव्हती. स्त्रीबीज केव्हा सुटतं याचा पत्ताच वैद्यकाला नव्हता. पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेला अनुकूल, असं तेव्हा मानलं जाई. बीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं, हे 1920 च्या दशकात जपानमध्ये क्यूसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवलं. आजची फॉलिकल तपासणी सिम्स यांच्याकडे नसलेल्या या ज्ञानावरच उभी आहे.

वेळ कळली, पण बीज सुटतच नसेल तर? या वेगळ्या प्रश्नातून वेगळी वाट निघाली. शरीरातलं जे संप्रेरक बीजकोशाला चालना देतं, ते पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीत भरपूर उतरतं. बीजकोश थकले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ते आणखी जोरानं सोडू लागते. रोमच्या सेरोनो संस्थेत पिएरो डोनिनी यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस ते लघवीतून वेगळं काढलं. पुढे ब्रुनो लुनेनफेल्ड यांना रुग्णांसाठी ते मोठ्या प्रमाणावर हवं होतं. पाळी गेलेल्या, औषधं फारशी न घेणाऱ्या, एका जागी राहणाऱ्या एवढ्या बायका मिळणार कुठे? इटलीतल्या मठांत. वृद्ध जोगिणींची लघवी गोळा होऊ लागली आणि त्या औषधानं राहिलेल्या गर्भातून पहिलं मूल 1962 मध्ये इस्राएलमध्ये जन्मलं. ज्यांनी संसार सोडला त्यांच्यामुळे दुसऱ्यांच्या घरी पाळणा हलला. आता हे औषध प्रयोगशाळेत जनुकीय तंत्रानंही बनतं, पण काम तेच. धोकाही तोच : एकाऐवजी अनेक बीजं पिकली तर जुळी-तिळी, किंवा बीजकोश सुजून पोटात पाणी साचणं.

जवळपास त्याच काळात गोळी आली. क्लोमिफिननं बीज सुटतं हे रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनी 1961 मध्ये दाखवलं. 1967 मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. गोळी स्वस्त, घरी घेता येणारी. मात्र ती स्वतः बीज पिकवत नाही. इस्ट्रोजेन कमी आहे असं मेंदूला भासवते आणि पीयूषिकेकडून काम करून घेते. पीयूषिकाच साथ देत नसेल किंवा बीजांचा साठा संपत आला असेल, तर तिचा उपयोग नाही. बीजवाहक नळ्या बंद असतील तर गोळीही व्यर्थ आणि आययूआयही, कारण बीज आणि शुक्राणूची गाठ नळीतच पडते. आपल्याकडे जननेंद्रियांच्या क्षयानं नळ्या खराब झालेल्या स्त्रिया कमी नाहीत. त्यांच्यासाठी शिडीची पहिली पायरी म्हणजे निव्वळ वाया गेलेले महिने.

आयव्हीएफ जन्मलं ते याच बंद नळ्यांसाठी. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्‌स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी 1969 ते 1978 या काळात 282 स्त्रियांवर प्रयत्न केले. पाच जणींना गर्भ राहिला, दोन मुलं जन्मली. लेस्ली ब्राउन यांच्या बाबतीत त्यांनी इंजेक्शनं बाजूला ठेवली आणि निसर्गतः पिकलेलं एकच बीज काढलं. 25 जुलै 1978 रोजी ओल्डहॅम इथे लुईज जन्मली.

त्याच वर्षी, 3 ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून ‘दुर्गा’ जन्मली. त्यांची वाट वेगळी होती. इंजेक्शनं देऊन अनेक बीजं पिकवायची, योनिमार्गाकडून काढायची, भ्रूण गोठवायचा आणि पुढच्या एखाद्या पाळीत गर्भाशयात सोडायचा. आजची आयव्हीएफ केंद्रं बऱ्याच अंशी हेच करतात. पण पश्चिम बंगाल सरकारच्या समितीनं त्यांचा दावा फेटाळला, त्यांची बदली झाली आणि 1981 मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

या कथेचा उत्तरार्ध मुंबईत घडला. 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएम रुग्णालयात हर्षा चावडा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामाचं ते फळ, आणि देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून ती नोंदली गेली. पुढे मुखोपाध्यायांची टिपणं आनंद कुमारांच्या हाती आली. ती तपासून त्यांनी 1997 मध्ये जाहीरपणे सांगितलं की हा मान कोलकात्याचा आहे. स्वतःच्या नावावरचं पहिलेपण असं सोडून देणारे शास्त्रज्ञ विरळाच.

या शिडीवर एकेकाळी आणखी एक पायरी होती. रिकार्डो आश यांनी 1984 मध्ये अमेरिकेत ‘गिफ्ट’ पद्धत आणली : बीज आणि शुक्राणू दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनं एकत्रच नळीत ठेवायचे, फलन आत होऊ द्यायचं. हिंदुजांनी 1988 मध्ये या पद्धतीचं मूलही मुंबईत जन्माला आणलं. प्रयोगशाळा सुधारल्या, सोनोग्राफीच्या आधारानं सुईनं बीज काढता येऊ लागलं, आणि भूल देऊन पोटात दुर्बीण घालायचं कारण उरलं नाही. ‘गिफ्ट’ हळूहळू नाहीशी झाली. पायरी अढळ नसते याचा हा पुरावा.

वरच्या टोकाची इक्सी पुन्हा हंटर यांच्या कापड व्यापाऱ्याकडे नेते. ब्रसेल्समध्ये जानपिएरो पालेर्मो शुक्राणू बीजाच्या कवचाखाली सोडत असताना एक थेट बीजाच्या आत गेला, आणि फलन झालं. या पद्धतीची पहिली मुलं 1992 मध्ये जन्मली. शुक्राणू फारच कमी किंवा मंद असलेल्या पुरुषालाही आता स्वतःचं मूल होऊ शकत होतं. फक्त अडचण त्याची असली तरी रोजची इंजेक्शनं आणि भूल देऊन बीज काढणं बायकोच्याच वाट्याला आलं.

या वेगवेगळ्या उगमांच्या वाटा एका शिडीत रचल्या गेल्या त्या खर्च आणि त्रासाच्या हिशेबानं. स्वस्त आणि सोपं खाली, महाग आणि अवघड वर. हिशेब बऱ्याचदा शहाणपणाचा असतो, पण तो पारखून पाहिल्यावर काही ठिकाणी चुकलेला निघाला. बॉस्टन परिसरातल्या एका चाचणीत (2010) गोळ्यांसह आययूआय तीनदा अपयशी ठरल्यावर इंजेक्शनांसह आययूआयची मधली पायरी वगळून थेट आयव्हीएफ केलेल्या जोडप्यांना गर्भ लवकर राहिला, खर्चही कमी आला. अडतिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या चाचणीत (2014) सुरुवातीलाच आयव्हीएफ करणं सरस ठरलं. उलट बाजूही आहे. कारण सापडत नाही अशा जोडप्यांना आययूआय देऊ नये, असं उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं 2013 मध्ये सुचवलं; पण न्यूझीलंडच्या चाचणीत (2018) गोळ्यांसह आययूआय करणाऱ्यांपैकी 31 टक्के स्त्रियांना मूल झालं, नुसती वाट पाहणाऱ्यांपैकी 9 टक्क्यांना. व्हिएतनाममध्ये (2021) शुक्राणूंचा अहवाल चांगला असलेल्या जोडप्यांत इक्सीचा साध्या आयव्हीएफपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तिथे सगळ्यांत वरची पायरी फक्त बिल वाढवते.

खालच्या पायरीचंही असंच झालं. स्तनांच्या कर्करोगावरचं लेट्रोझोल बीज सुटण्यासाठी वापरलं जात होतं. भारतात 2011 मध्ये या वापरावर बंदी आली. पीसीओएस, म्हणजे बीज नियमित न सुटण्याचा संप्रेरकांचा विकार, असलेल्या 750 स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत 2014 मध्ये लेट्रोझोलनं 27.5 टक्के, तर क्लोमिफिननं 19.1 टक्के स्त्रियांना मूल झालं. आपल्याकडची बंदी 2017 मध्ये उठली, आणि पीसीओएससाठी चाळीस-पन्नास वर्षं पहिली राहिलेली गोळी दुसरी झाली.

भारतातल्या 2021 च्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानं आता केंद्रांना नोंदणी सक्तीची केली आणि स्त्रीसाठी 50, पुरुषासाठी 55 ही वयोमर्यादा घातली. कोणता उपचार आधी, हे मात्र कायदा सांगत नाही आणि सांगूही नये. ते ठरवायला तीन अहवाल पुरेशी सुरुवात करून देतात : बीज सुटतं का, नळ्या मोकळ्या आहेत का, वीर्यतपासणी काय म्हणते. यातली शेवटची तपासणी सर्वांत स्वस्त, आणि तरीही अनेक घरांत सर्वांत उशिरा होते. चौथी गोष्ट बाईचं वय. नळ्या मोकळ्या आणि वीर्य चांगलं असलेल्या, बीज न सुटणाऱ्या सव्वीस वर्षांच्या मुलीनं गोळीपासून सुरुवात करावी. एकोणचाळिसाव्या वर्षी तीच गोळी सहा महिने चालू ठेवणं म्हणजे उरलेला वेळ खर्ची घालणं. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न ‘आता पुढची पायरी कोणती?’ हा नाही. ‘आमचा अडथळा कुठे आहे, आणि हा उपचार नेमका तोच दूर करतो का?’ हा आहे. उत्तर अहवालावर बोट ठेवून मिळालं, तर उपचार पहिल्या पायरीचा की पाचव्या, याला फारसं महत्त्व उरत नाही.