लोकर गेली, ‘स्वेटर’ राहिला

आपल्याकडे ‘हॉकी’ म्हटले की ध्यानचंद आठवतात, गवताचे मैदान आठवते. कॅनडात त्याच शब्दाने बर्फ आठवतो. तिथे विशेषण लावायची पाळी येते ती आपल्या हॉकीवर. ती ‘फील्ड हॉकी’. घरचे कोण आणि पाहुणे कोण, हे शेवटी बोलणाऱ्याच्या अंगणावर ठरते.

मी शब्दांचा माग काढता काढता या खेळापर्यंत आलो, आणि पहिला अडलो तो ‘स्वेटर’पाशी. आजच्या खेळाडूच्या अंगात असतो तो कृत्रिम धाग्याचा पातळ, सैल अंगरखा. त्यात लोकरीचा एक धागा नाही. तरी कॅनडातला जुना प्रेक्षक त्याला ‘स्वेटर’च म्हणतो. कारण उघड आहे. या खेळाच्या पहिल्या पिढ्या गोठलेल्या तळ्यांवर किंवा ऊब नसलेल्या छपराखाली खेळल्या. जाड, उंच गळ्याचा लोकरी स्वेटर ही तिथली गरज होती. पुढे बंदिस्त क्रीडागृहे आली, नवे धागे आले, लोकर गेली. शब्द मात्र जागचा हलला नाही. या खेळाचा बहुतेक शब्दसंग्रह असाच आहे. वस्तू निघून गेलेली असते आणि नाव मागे उरलेले असते.

सुरुवात माँट्रियलला झाली असे मानतात. बर्फावर काठ्या घेऊन खेळणे त्याआधीही होते, पण छपराखालचा, आधी जाहिरात करून खेळलेला सामना म्हणून ३ मार्च १८७५ ही तारीख दिली जाते. जागा व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक, एका बाजूला नऊ खेळाडू, आणि पुढाकार हॅलिफॅक्सहून आलेल्या जेम्स क्रायटन या अभियंत्याचा. प्रेक्षकांना चेंडू लागू नये म्हणून त्या दिवशी चेंडूऐवजी लाकडाची चपटी गोल चकती वापरली. पुढे ती रबराची झाली. आता तर सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. तिचे नाव ‘पक’. शेक्सपिअरच्या नाटकातल्या खोडकर पकशी तिचे नाते जोडणारे हौशी लोक आहेत. मला ते पटत नाही. आयरिश लोकांच्या हर्लिंग या खेळात चेंडूला काठीने मारलेल्या फटक्याला ‘पक’ म्हणतात आणि हॅलिफॅक्सच्या बाजूला आयरिश वस्ती भरपूर होती. नाटकापेक्षा शेजाऱ्याच्या तोंडून शब्द येणे अधिक संभवनीय.

दोन वर्षांनी, १८७७ मध्ये, माँट्रियलच्या वर्तमानपत्रात या खेळाचे नियम छापून आले. ते बऱ्याच अंशी इंग्लंडमधल्या गवतावरच्या हॉकीच्या नियमांवरून उतरवलेले होते. खेळ सुरू करायचा तो ‘बुली’ने. आपल्याकडच्या जुन्या हॉकीपटूंना हा शब्द सांगायला नको: दोघांनी समोरासमोर उभे राहून काठ्यांवर काठ्या आपटायच्या आणि मग चेंडू ओढायचा. बर्फावर तो शब्द मागे पडून ‘फेस-ऑफ’ आला. बचावपटूंची नावे तर आपल्या आणखी ओळखीची निघतात. गोलरक्षकाच्या पुढे ‘पॉइंट’, त्याच्या पुढे ‘कव्हर पॉइंट’. क्रिकेटची ही क्षेत्ररक्षणाची नावे लॅक्रॉसमध्येही होती, आणि माँट्रियलची तरुण मंडळी उन्हाळ्यात लॅक्रॉस आणि हिवाळ्यात हॉकी खेळत. खेळाडू नवांचे सात झाले, सातांचे सहा झाले, ‘कव्हर पॉइंट’ नाहीसा झाला. ‘पॉइंट’ मात्र अजून आहे, पण गंमत अशी की तो आता आपल्या गोलापाशी नसून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत, निळ्या रेषेजवळ असतो. नाव टिकले आणि घर बदलले.

सगळ्यात लांबचा प्रवास ‘चेक’ या शब्दाचा. प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन अडवणे म्हणजे ‘बॉडी-चेक’. हा ‘चेक’ बुद्धिबळातला. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी आहे फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. आपण पटावर ‘शह’ म्हणतो तोही त्याच फारसी राजाचा. माँट्रियलच्या कठड्यावर आदळणारा धिप्पाड खेळाडू आणि पारावर पट मांडून बसलेले आजोबा एकाच शब्दाने प्रतिस्पर्ध्याला अडवतात, हे मला या सगळ्या शोधातले सर्वात मोठे बक्षीस वाटले.

‘हॅटट्रिक’ मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक तर आपल्याच अंगणातली: ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर, चेतन शर्मा, न्यूझीलंडचे तिघेही त्रिफळाचीत. या शब्दाचे मूळ १८५८ सालचे. शेफील्डच्या हाइड पार्क मैदानावर एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठ तीन बळी घेतले, लोकांनी वर्गणी काढली आणि त्याला टोपी घेऊन दिली. बर्फावर मात्र याची वेगळी कथा सांगतात. टोरांटोत सॅमी टाफ्ट नावाचा टोपीवाला होता. जानेवारी १९४६ मध्ये शिकागो संघाचा ॲलेक्स कलेटा त्याच्या दुकानात आला. टोपी आवडली, पैसे पुरेनात. टाफ्ट म्हणाला, आज रात्री तीन गोल कर, टोपी फुकट. कलेटाने चार केले. कथा छान आहे, पण तीवरून शब्दाचा जन्म टोरांटोत लावणे म्हणजे स्टीफन्सनच्या डोक्यावरची टोपी अठ्ठ्याऐंशी वर्षांनी काढून घेणे होय. टाफ्टचे श्रेय निराळे: शब्दात विरून गेलेली टोपी त्याने पुन्हा खरी केली. आज कोणी तीन गोल केले की प्रेक्षक स्वतःच्या टोप्या बर्फावर फेकतात, आणि त्या गोळा होईपर्यंत खेळ थांबतो.

डेट्रॉइटचे लोक ऑक्टोपस फेकतात, तेही सांगून टाकतो. १९५२ मध्ये मासळीचे दुकान असलेल्या कुझिमानो बंधूंनी पहिला फेकला. तेव्हा स्टॅन्ली चषक मिळवायला दोन फेऱ्यांत मिळून आठ विजय लागत, आणि ऑक्टोपसला पाय आठ. त्या वर्षी डेट्रॉइटने आठपैकी आठ सामने जिंकले. आता सोळा विजय लागतात. ऑक्टोपसला बिचाऱ्याला नवे पाय फुटलेले नाहीत, पण प्रथा चालू आहे.

पुन्हा स्वेटरकडे येतो, कारण खरे भांडण तिथे आहे. माँट्रियलचा कॅनेडियन्स हा संघ १९०९ चा, मुद्दाम फ्रेंच भाषकांसाठी काढलेला. त्याचा लाल स्वेटर म्हणजे क्वेबेकमध्ये ‘सेंत फ्लानेल’, पवित्र फ्लॅनेल. छातीवर ‘सी’ आणि ‘सी’च्या पोटात ‘एच’. हा ‘एच’ ‘आबितां’चा, म्हणजे क्वेबेकच्या जुन्या फ्रेंच शेतकऱ्यांचा, असे सर्रास सांगितले जाते; संघाचे ‘हॅब्ज’ हे लाडके नाव त्यावरूनच आले. न्यूयॉर्कच्या टेक्स रिकार्डने १९२४ मध्ये ही समजूत पसरवली असे म्हणतात. पण त्याआधीच्या स्वेटरवर ‘सी’च्या पोटात ‘ए’ होता, कारण संस्थेच्या नावात ‘ॲथलेटिक’ होते. नाव बदलून ‘क्लब द हॉकी कॅनेडियँ’ झाले तेव्हा ‘ए’ जाऊन ‘एच’ आला. म्हणजे तो नुसत्या ‘हॉकी’चा. तरी या चुकीच्या व्युत्पत्तीला हसावेसे वाटत नाही. छातीवर शेतकरी आहे असे लाखो लोकांना वाटावे, यामागे त्यांची काही भूक होती.

ती भूक भाषेची होती. शहरात बहुसंख्य फ्रेंच, पण कारखान्यांची आणि मोठ्या दुकानांची मालकी इंग्रजांकडे. खेळात जिंकणारे फ्रेंच, खेळाचे शब्द इंग्रजी. ११ ऑक्टोबर १९५२ रोजी कॅनडात हॉकीचा सामना प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसला, आणि तो फ्रेंचमधून. सूक्ष्मध्वनिक्षेपकापाशी होते रने लकाव्हालिए. फ्रेंच हॉकीची परिभाषा घडवण्याचे आणि रुळवण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. ‘पक’ला ‘रोंदेल’, म्हणजे कांद्याची कापतात तसली चकती. फ्रान्समध्ये तिलाच ‘पाले’ म्हणतात, पण क्वेबेकने पॅरिसकडे बघितले नाही. सणसणीत फटक्याला ‘लांसे फ्रापे’. हॅटट्रिकला ‘तूर द्यु शापो’, टोपीची करामत. धडकेला ‘मीझ आन एशेक’, ज्यात बुद्धिबळातला तोच शह पुन्हा उघडा होतो. इंग्रजीत दडलेला राजा फ्रेंचने परत पटावर आणून बसवला.

बाळ ज. पंडितांचे मराठी धावते वर्णन ज्यांनी आकाशवाणीवर ऐकले, त्यांना लकाव्हालिए समजायला वेळ लागणार नाही. खेळ परका असतो, पण तो आपल्या भाषेतून कानावर पडू लागला की स्वयंपाकघरातली माणसेही तो ऐकू लागतात. सगळे शब्द रुजत नाहीत, हेही खरे. क्वेबेकच्या गल्लीत मुले आजही ‘ला पक’ म्हणतात, जशी आपल्याकडची ‘यष्टिरक्षक’ न म्हणता ‘कीपर’ म्हणतात. माझ्या मते त्याने बिघडत नाही. शब्द उपलब्ध असणे आणि वापरलाच जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नसेल तर माणूस मुका होतो.

मुका झालेला समाज काय करतो ते तीनच वर्षांनी दिसले. नऊ क्रमांकाचा मोरीस रिशार म्हणजे फ्रेंच क्वेबेकचे दैवत. मार्च १९५५ मध्ये बॉस्टनला झालेल्या मारामारीत त्याने पंचालाच ठोसा मारला, आणि लीगचा इंग्रजी भाषक अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल याने त्याला उरलेल्या हंगामासाठी आणि पुढच्या बादफेरीसाठी बंदी घातली. १७ मार्चला कॅम्बेल स्वतः माँट्रियलच्या फोरममध्ये सामना पाहायला आला. टोमॅटो, अंडी, मग अश्रुधुराचे नळकांडे. सामना सोडून द्यावा लागला आणि सेंत-कातरीन रस्त्यावर रात्रभर दुकाने फुटली. शिक्षा नियमाला धरून होती, हे मी मान्य करतो. पण ती कोणत्या भाषेतून आली, हेच त्या रात्री लोकांना ऐकू आले.

हे सगळे एका लहानशा गोष्टीत मावले आहे. रॉक कारिए या लेखकाने १९७९ मध्ये स्वेटरवर एक कथा प्रसिद्ध केली. १९४६ चे क्वेबेकमधले खेडे. सगळ्या पोरांच्या पाठीवर रिशारचा नऊ आकडा. एका मुलाचा स्वेटर तोकडा होतो. आई ईटन कंपनीच्या कॅटलॉगमधून नवा मागवते, पण मागणीचा छापील कागद इंग्रजी, म्हणून ती मालकांनाच सुवाच्य अक्षरात फ्रेंच पत्र लिहिते. पार्सलमधून निघतो टोरांटो मेपल लीफ्सचा निळा स्वेटर. परत पाठवला तर ईटनसाहेबांना राग येईल, ते इंग्रज पडले, असे आईचे म्हणणे. ही कथा कॅनडाला इतकी आपली वाटली की २००२ च्या पाच डॉलरच्या नोटेवर तिच्यातला मजकूर दोन्ही भाषांत छापला गेला.

इंग्रजी अनुवादात तो कपडा ‘स्वेटर’, घाम आणणारा. मूळ फ्रेंचमध्ये तो ‘शांदाय’. हा शब्द ‘मार्शां दाय’ म्हणजे लसूणविक्या याचा तुकडा आहे. पॅरिसच्या मंडईतले भाजीवाले असले विणलेले अंगरखे घालत. पवित्र फ्लॅनेलचे कुळ शेवटी लसणाच्या पाटीपाशी निघाले.

कथेतला मुलगा निळा शांदाय घालून बर्फावर जातो, चिडून काठी आपटतो, ती मोडते, आणि शिट्टी वाजवणारे तरुण पाद्री त्याला देवाची क्षमा मागायला चर्चमध्ये पाठवतात. तो जातो. पण क्षमेऐवजी देवाकडे मागतो कसर; भराभर यावी आणि टोरांटोचा स्वेटर खाऊन टाकावा. १९४६ साल होते. स्वेटर लोकरीचा होता.